रविवारचे खून

बाईंना खुनाचे सिनेमे फार आवडत. म्हणजे ज्यात मुखवटा घातलेला एक माणूस तरुण मंडळींच्या अख्ख्या घोळक्याला एकेक करून संपवतो, तसले. आठवडाभर त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारखिडकीवर बसत आणि रविवारी दुपारी सोफ्यावर पाय पसरून निवांत खून बघत.

त्यांचे यजमान तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोची ही आवड त्यांच्या पचनी पडली नव्हती.

"अगं, पण तो मुखवटा म्हणजे नेमकं काय?" एकदा त्यांनी विचारलंच.

"मुखवटा म्हणजे मुखवटा. तोंड दिसू नये म्हणून घातलाय."

"आणि ती मुलगी एकटीच तळघरात का उतरते? स्वतःच्याच मनाचा शोध?"

"अहो, ती उतरली नाही तर सिनेमा तिथंच संपेल."

"मग तुला यात मिळतं तरी काय?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "यात मेलेला माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन खिडकीवर येत नाही."

प्राध्यापकांनी गच्चीवर जाऊन थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई समुपदेशक होती.

"दडपलेला राग," ताईनं फोनवरच निदान केलं. "घरातल्या धारदार वस्तू हळूच हलव. तिला सुगावा लागू देऊ नकोस. रविवारी येतेच मी."

प्राध्यापकांनी काम मनापासून केलं. रविवारी सकाळी बाई अंघोळीला जाताच त्यांनी सुऱ्या, कात्र्या, किसणी, सोलाणं, नेलकटर, एवढंच काय, स्वतःचा वस्तराही जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि गाठोडं गाडीच्या डिकीत ठेवलं. ठेवताना मात्र चारही दिशांना पाहिलं. माणूस सरळ असला की त्याला चोरून काही करता येत नाही.

बाईंनी कोबी कापायला घेतला. सुरी नाही. चमच्यानं प्रयत्न केला, तर कोबी टेबलाखाली गेला. शेवटी त्या शेजारच्या काकूंकडे गेल्या.

"काकू, सुरी देता का जरा? आमच्याकडच्या सगळ्याच गायब झाल्यात."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. टॉवेलाचं गाठोडं घेऊन इकडेतिकडे बघणारे प्राध्यापक त्यांनी खिडकीतून पाहिले होते.

"तू बस बाळा. घरी जाऊ नकोस," म्हणत काकूंनी आतल्या खोलीतून पोलिसांना फोन केला.

हवालदार आले. त्यांनी डिकी उघडायला लावली, गाठोडं सोडलं आणि नेलकटर दोन बोटांत धरून विचारलं, "हे कशासाठी?"

"बायकोच्या अंतर्मनासाठी," प्राध्यापक म्हणाले.

काकू "बघा, बघा!" म्हणून ओरडल्या. मग प्राध्यापकांना सगळं सांगावंच लागलं. बाई ऐकत उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी तुम्हाला मारीन असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही गं... शक्यता म्हणून."

बाई गाठोडं उचलून घरात गेल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. जबाब घ्यायला म्हणून हवालदार सोफ्याच्या कडेला टेकले. काकू दारात होत्या, त्या हळूहळू खुर्चीवर आल्या. बायकोनं बोलावं, या आशेनं प्राध्यापक तिच्या शेजारी बसले.

"हा गॉगलवाला पहिला जाणार," हवालदार म्हणाले.

गॉगलवाला गेला.

"आता लाल स्वेटरवाली," काकू म्हणाल्या. तीही गेली.

प्राध्यापक पुढे सरकले. "माझ्या मते तो माळी दाराआड आहे."

माळी दाराआडच होता. प्राध्यापकांनी गुडघ्यावर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं होतं की नाही?"

"अहो, ओरडू नका. ऐकू द्या," बाई हसत म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं हसणं.

तेवढ्यात ताई आली. घरात हवालदार, पडद्यावर किंकाळी, आणि सोफ्यावर भाऊ बायकोचा हात घट्ट धरून. ती झपकन मधे येऊन उभी राहिली.

"अरे, काय झालं? काय वाटतंय तुला? मोकळेपणानं सांग."

"ताई," प्राध्यापक मान वाकडी करत म्हणाले, "आधी टीव्हीसमोरून बाजूला हो."