इंग्रजाची दाढ

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत एक खराखुरा इंग्रज येऊन बसला आणि डॉक्टरांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. ब्रिटिश मालिका पाहून पाहून या माणसाचं सगळं वळणच बदललं होतं. धुक्यातल्या हवेल्या, गालिच्यावर पडलेलं प्रेत आणि त्या प्रेताला वळसा घालून चहा आणणारा बटलर, यांतच त्यांचा जीव रमे. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तरी 'सॉरी' तेच म्हणत. पण ज्याच्याशी या आवडीबद्दल मनसोक्त बोलावं, असा एकही इंग्रज आजवर हाती लागला नव्हता.

"दाढ जरा दुखते आहे," पाहुणा म्हणाला. तो इथल्या कारखान्यात बरीच वर्षं इंजिनियर होता आणि इथलीच भाषा सफाईने बोलत होता. डॉक्टर मात्र हट्टाने इंग्रजीत उत्तरं देत राहिले. मग ते बाहेर काउंटरवर बसलेल्या बायकोकडे धावले.

"अगं, जरा दुखते म्हणाला!"

"मग जराच दुखत असेल."

"तुला त्या लोकांचा स्वभाव ठाऊक नाही. घराला आग लागली तरी ते 'जरा उकडतंय' म्हणतात. त्याचा जीव चाललाय, जीव!"

त्यांनी भुलीचं एक इंजेक्शन दिलं, वर आणखी एक दिलं. मग नीट पाहिलं, तर दाढेत कसलीशी बी अडकलेली. चिमट्याने ती टुणकन निघाली. पण पाहुण्याचा अर्धा चेहरा तोवर गाढ झोपला होता.

डॉक्टर डगमगले नाहीत. बोलता येत नसलं, तरी ऐकता तर येतं! किटलीभर चहा मागवून ते हवेल्यांवर बोलत सुटले. पाहुण्याने भिडेखातर घोट घेतला. तो ओठाच्या झोपलेल्या कोपऱ्यातून थेट पँटवर उतरला.

"ठॉ... ठॉ..."

"थँक्यू कशाला? संकोच करू नका," म्हणत डॉक्टरांनी कप पुन्हा भरला.

"ठॉवे! ठॉवे!"

"केवढी ही सभ्यता!" डॉक्टरांचे डोळे पाणावले.

आरडाओरडा ऐकून बायको आत आली. "अहो, माणूस भाजतोय! टॉवेल मागतोय तो!"

टॉवेल आला, पंखा लागला आणि बऱ्याच वेळाने ओठांना जाग आली. डॉक्टर खुर्ची सरसावून बसले. "तर मग, तुम्हाला त्या मालिकांतली कुठली आवडते?"

"एकही नाही," पाहुणा शरमून म्हणाला. "सगळे इतके हळू बोलतात की मला झोप येते." मग तो बायकोकडे वळला. "वहिनी, आपली ती संध्याकाळची मालिका बघता का? दाढेपायी कालचा भाग बुडाला. सासूने विष कुणाच्या दुधात घातलं?"

"धाकट्या सुनेच्या!" वहिनींनी स्टूल ओढलं. "पण प्यायली नणंद!"

दोघांचं असं काही जमलं की डॉक्टर किटली धरून उभेच राहिले. नणंद वाचणार की नाही, यावर चांगलीच जुंपली. शेवटी डॉक्टरांना राहवेना.

"विष दुधात नव्हतंच," ते हळूच म्हणाले. "सरबतात होतं. उरलेलं दूध मांजर प्यायलं, ते ठणठणीत आहे."

दोघंही गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"आणि ती सासू नाहीये," किटली खाली ठेवत डॉक्टर म्हणाले, "ती तिची जुळी बहीण आहे."