साळिंदरबाईंची बेचाळिसावी नोंद

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. गावातल्या शाळेबद्दल तुम्ही असं कधी विचारता का?

शाळेत साळिंदरबाई शिकवत. बाई हुशार, मायाळू आणि जरा दमलेल्या होत्या. वर्षाच्या शेवटी त्या करंजाखाली बसून प्रगतिपुस्तकं लिहीत. अंगावरचा एक काटा उपटायचा, करवंदाच्या रसात बुडवायचा आणि नोंद लिहायची. एका नोंदीला एक काटा लागे. वर्ग मोठा असला की बाईंची पाठ उन्हाळ्यात उघडी पडायची.

त्यात केंद्रप्रमुख कोल्हेसाहेबांचे दोन नियम होते. प्रगतिपुस्तकात मन दुखावणारा शब्द नको, आणि एकच नोंद दोघांना नको.

बाईंना याची सवय होती. वाघाचं पिल्लू सशाच्या मुलाला चावलं, तेव्हा बाईंनी लिहिलं, "मित्रांविषयी विशेष ओढ आहे." अस्वलाचा मुलगा सगळ्यांचे डबे संपवायचा. त्याला लिहिलं, "सहभोजनात उत्साहाने भाग घेतो." खुद्द कोल्हेसाहेबांची मुलगी शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घ्यायची. तिला लिहिलं, "इतरांच्या कामाचे बारकाईने निरीक्षण करते."

लोंबू नावाचं एक वानर होतं. ते प्रार्थनेला झोपायचं ते शाळा सुटल्यावर उठायचं. बाईंनी लिहिलं, "डोळे मिटून एकाग्रतेने श्रवण करतो." ही नोंद बाईंना स्वतःलाच इतकी आवडली, की त्यांनी ती दोनदा वाचली.

एक्केचाळीस नोंदी झाल्या. बेचाळिसावं नाव टिवलीचं होतं. ही टिटवीची मुलगी, वर्षाच्या मध्येच शाळेत आलेली, म्हणून पटावर शेवटी. बाईंची पाठ ठणकत होती आणि गोड शब्द संपले होते. नवीन काही सुचेना. म्हणून त्यांनी जे होतं ते लिहून टाकलं.

"वर्गात उगाच ओरडते."

दुसऱ्या दिवशी टिटवी प्रगतिपुस्तक घेऊन आली.

"बाई, उगाच म्हणजे काय हो?"

"उगाच म्हणजे कारण नसताना."

"मागं ओरडली, तेव्हा फळ्यामागं नाग होता ना?"

"असेल. पण मी तेव्हा सतराचा पाढा घेत होते."

टिटवीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पाणवठ्यावर पहारेकरी नेमणार आहेत. तिला तेवढं एकच काम करायचंय. लहानपणापासून तेच म्हणते. पुस्तक बघून नेमणार आहेत म्हणे."

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं, बाळांनो. पण शिक्का पडला होता, आणि सुट्टी लागली होती.

निवडीच्या दिवशी कोल्हेसाहेबांनी दोन पुस्तकं समोर ठेवली. एक टिवलीचं, एक लोंबूचं. लोंबूला पहारेकरी व्हायचं नव्हतं. त्याच्या आईला तो घरात नको होता.

"एकाग्रता," साहेब म्हणाले. "पहाऱ्याला हेच तर लागतं. आणि ही दुसरी उगाच ओरडते. उद्या सगळ्या जंगलाची झोपमोड करील."

लोंबू पाणवठ्याच्या उंबरावर चढला आणि एकाग्र झाला.

आठवड्याने संध्याकाळी बाई पाणी प्यायला आल्या. पाठीवर काटा नव्हता, शेपटीशी तेवढा एक उरला होता. वर उंबरावर लोंबूला बघून त्यांना बरं वाटलं. आपला विद्यार्थी कामाला लागला, याचं कुठल्या बाईंना बरं वाटत नाही? त्यांनी खाली मान घालून पाण्याला तोंड लावलं.

मागच्या गवतातून वाघोबा येत होते. वाघोबा तसे पालकच, पालकसभेला नियमित यायचे. पण सुट्टीत पालक पुन्हा वाघ होतो.

लोंबू श्रवण करत होता.

इतक्यात पलीकडच्या काठावरून टिवली ओरडली. तिला कोणी नेमलं नव्हतं, ती आपली रोज येऊन बसायची. अशी ओरडली, की बाई पाढ्याबिढ्याचा विचार न करता काठावरच्या बिळात घुसल्या. वाघोबांचा पंजा रिकाम्या चिखलात पडला.

वाघोबा निघून गेल्यावरच बाई बिळातून निघाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी टिवलीचं पुस्तक मागवून घेतलं. शेपटीशी उरलेला काटा उपटला. तो फार दुखतो, म्हणून साळिंदर तो कधी काढत नाहीत. जुनी नोंद खोडून त्यांनी लिहिलं, "ओरडते. कारण असतं. आम्हाला उशिरा दिसतं."

पुस्तक चौथ्या दिवशी परत आलं. कोल्हेसाहेबांचा शेरा होता, "'उशिरा' हा शब्द शिक्षकांच्या मनाला लागण्यासारखा आहे. वगळावा."

सोबत दुसरा कागद होता. पाणवठ्याच्या घटनेची चौकशी झाली होती. संकटकाळी जराही न डगमगल्याबद्दल लोंबूला मुख्य पहारेकरी केलं होतं.

बाईंकडे आता काटाच नव्हता. त्यांनी शब्द वगळला नाही.

आता पाणवठ्यावर काय होतं, सांगू? हरणं येतात, डुकरं येतात, बाईही येतात. सगळे आधी पलीकडच्या काठाकडे बघतात. टिवली आलेली दिसली की मग पाण्याला तोंड लावतात. लोंबू उंबरावर असतो. त्याला कोणी उठवत नाही.

तात्पर्य: बाळांनो, वर्गात ओरडू नये, झोपावं. ओरडणाऱ्याच्या नावापुढे शेरा पडतो आणि झोपणाऱ्याची नेमणूक होते. मात्र पाणी प्यायला जाताना जिच्या नावापुढे शेरा पडलाय, तिच्याच काठाकडे आधी बघावं.

(हे तात्पर्य कोल्हेसाहेबांनी तपासलं आहे. शेवटचं वाक्य त्यांनी वगळायला सांगितलं होतं.)