आठवी चिठ्ठी

सिरसीच्या सुपारी सोसायटीत सात कॉम्प्युटर होते आणि सातही जणांनी आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला डकवला होता. कॉम्प्युटर सांभाळणारा नागभूषण तीन वर्षं घसा कोरडा करत होता, "पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नका." कॅशियर वेंकटरमणना हे इतकं पटलं, की त्यांनी तेही वाक्य त्याच चिठ्ठीवर पासवर्डखाली लिहून ठेवलं.

नागभूषण अजून कंत्राटावर होता. कायम नोकरीचं पत्र मॅनेजर मंजप्पांच्या खणात तयार होतं, फक्त सही बाकी. बेंगळुरूहून सुरक्षा तपासायला येणाऱ्या वैजयंती मॅडमनी बरा अहवाल दिला तर ती होणार होती. आणि मॅडमना येण्यासाठी दिवस सापडला तो नेमका आयुधपूजेचा, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा.

सकाळीच नागभूषणने सगळ्यांपुढे हात जोडले. "एक दिवस तरी माझी लाज राखा हो!" लोक मनाने चांगले. दहा मिनिटांत सातही चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत गेल्या.

मॅडम आल्या तेव्हा पूजेची गडबड चालली होती. मंजप्पांनी त्यांचं स्वागत केलं. "आधी पूजा, मग तपासणी. लॅपटॉप द्या गंगक्काकडे, तोही पुजून घेऊ."

गंगक्का सोसायटीची झाडलोट करायची. तिने लॅपटॉप पदराने लख्ख पुसला आणि देवीपुढे तराजू नि अडकित्त्यांच्या रांगेत ठेवला. आरती झाली. मॅडम नमस्काराला वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. पितळी थाळीत चिठ्ठ्या मांडल्या होत्या. सगळ्या हाताने सरळ केलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकू आणि एकेक फूल.

"हे काय आहे?"

"नवस आहेत, मॅडम," मंजप्पा घाईने म्हणाले. "आमच्याकडे देवीला लिहून देतात."

"मंजप्पा एकदोनतीन? हा कसला नवस?"

नागभूषण पुढे धावला. "गंगक्का, अगं, हे टाकून दिलं होतं ना?"

"तुम्ही द्याल टाकून!" गंगक्का कडाडली. "गेल्या साली झाडताना एक चिठ्ठी गेली, तर कॅशियरसाहेब दिवसभर डोकं धरून बसले. वर मलाच बोलणी! सुतार करवत पुजतो. तुमचं काम ज्याच्यावाचून अडतं, तेच तुमचं आयुध. ते सणाच्या दिवशी कचऱ्यात?"

तीन वर्षांची मेहनत फुलं वाहून थाळीत ठेवलेली पाहून नागभूषणला रडू यायचंच बाकी होतं. मॅडम बोट टेकवत चिठ्ठ्या मोजू लागल्या.

"कॉम्प्युटर सात आणि चिठ्ठ्या आठ? आठवी कोणाची?"

सगळ्यांनी नागभूषणकडे पाहिलं. बिचाऱ्याने स्वतःवरही संशय घेऊन पाहिला.

"तुमचीच की, बाई," गंगक्का म्हणाली. "पुसताना दिसली. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवली होती. पाहुण्यांची म्हणून तिला वगळायची होय?"

मंजप्पांना एकाएकी खोकला आला. मॅडमनी हळूच थाळीकडे हात नेला, पण गंगक्काने तो वरच्या वर अडवला. "पुजलेलं आयुध दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. आज त्याची विश्रांती." लॅपटॉपही देवीपुढेच राहिला, तेव्हा अहवाल कशावर लिहिणार? मॅडमना मुक्काम करावा लागला.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचं काम सुरू करायला सगळे जमले. थाळीत पाहतात तो गंगक्काने रात्री सढळ हाताने शिंपडलेल्या तीर्थाने आठही चिठ्ठ्यांची शाई वाहून गेली होती. एक अक्षर लागेना. मग जे तीन वर्षांत झालं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. नवे पासवर्ड करून घ्यायला नागभूषणच्या टेबलापुढे रांग लागली आणि रांगेत पहिल्या होत्या वैजयंती मॅडम.

"लिहून ठेवू नका हं," तो चाचरत म्हणाला.

"नाही हो," मॅडम खाली बघून म्हणाल्या.

दुपारी त्यांनी अहवालात लिहिलं: सर्व पासवर्ड बदलले, चिठ्ठ्या शून्य. मंजप्पांनी खण उघडून सही केली. नागभूषणचे डोळे भरून आले. गंगक्कालाही राहवेना.

"आणा ते पत्र, आधी देवीपुढे ठेवते."

नागभूषणने पत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "ठेव, गंगक्का. पण पाया पडतो तुझ्या, तीर्थ नको!"