एका केसाचा ब्रश

"कला ही डोळ्यांची उपासना आहे," असं बबनराव रणपिसे यांनी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. सरस्वतीबाईंनी सुक्या जवळ्याचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"मग ही उपासना करा. जनी कोळणीने किलोभर आणून दिलाय. काड्या काढा त्यातल्या."

बबनरावांनी ताट दोन बोटांनी परत ढकललं. "मला बारीक दिसत नाही, माहितीय ना तुला?"

अंबरनाथच्या कारखान्यात तेहतीस वर्षं माल तपासून ते निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांना घरातलं बारीक दिसेनासं झालं. जवळ्यातल्या काड्या, तांदळातले खडे, सुईचं नेढं, सगळं धूसर. डोळ्यांच्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं; पण ते मत घरी आणायची गरज बबनरावांना वाटली नव्हती.

पंचाईत एवढीच, की ते मोबाइलवर शिकत होते ती लघुचित्रकला. विनिता मॅडम दर रविवारी सदतीस जणांना शिकवत. काडेपेटीएवढा कागद, टोकाला एकच केस उरलेला ब्रश, आणि भुवईचा केस न् केस सुटा दिसला पाहिजे. बबनराव हे दार लावून करत. घरी फक्त "चित्रकला" एवढंच सांगितलेलं.

"तुझंच चित्र काढतोय," म्हटल्यावर सरस्वतीबाईंनी लेकीच्या लग्नातल्या निळ्या साडीतला फोटो काढून दिला, आणि हॉलमधलं कॅलेंडर उतरवून खिळा मोकळा करून ठेवला. फोटोत जे नीट दिसत नव्हतं, ते बबनरावांनी जेवताना मूळ नगावरून तपासून घेतलं.

शेवटच्या रविवारी मॅडम पहिला नंबर काढणार होत्या. तो आपलाच, असं बबनरावांनी बिल्डिंगभर सांगून टाकलं होतं. मुलाने, राजरत्नने, क्लास टीव्हीवर लावला. सरस्वतीबाईंची धाकटी बहीण द्रौपदी मुद्दाम बदलापूरहून आली.

पडदाभर निळी साडी झळकली. सरस्वतीबाई लाजल्या. मग मॅडमनी चेहरा मोठा केला.

"हे काम बघा सगळ्यांनी! वरच्या ओठावरची लव बघा!"

द्रौपदी उठून टीव्हीपाशी गेली. "ताई, सात केस आहेत गं."

"पहिला नंबर बबनकाकांचा!" मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात क्लासमधले, उल्हासनगर कॅम्प एकचे चंदरशेठ बोलले. त्यांनी जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले होते. "मॅडम, होऊच शकत नाय! काडेपेटीएवढ्या कागदावर एवढं बारीक, हाताने? काकांनी प्रिंट मारलीय. चाळीस साल झक नाय मारली अपुन!"

"काडेपेटीएवढ्या?" सरस्वतीबाईंनी खिळ्याकडे पाहिलं.

बबनराव पेटले. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांचा माल नापास केला होता. त्यांचा माल नापास करणारा अजून जन्मला नव्हता.

"प्रिंट? माझी?" त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं, मोबाइल त्यावर धरायला राजरत्नला दिला आणि चष्मा काढून बाजूला टाकला. "बघा! भिंग नाही, चष्मा नाही. माझ्या नजरेतून एक केस सुटत नाही, चंदरशेठ!"

बबनरावांनी ब्रश टेकवला, अलगद उचलला.

"आठवा राहिला होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चंदरशेठांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले. "मान गए, काका!"

"पप्पा, एक नंबर!" राजरत्न ओरडला. द्रौपदी पदर तोंडाला लावून हलत होती.

सरस्वतीबाई उठल्या. गहिवरली असेल, असं बबनरावांना वाटलं. त्या शांतपणे आत गेल्या, जवळ्याचं ताट घेऊन आल्या आणि ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाटेत जरीचा ब्लाउजही उचलला होता. त्याला हुक लावायचा होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा तो चष्मा द्या जरा. मला हल्ली बारीक दिसत नाही."