एका बाहीची लोकर

एक बाही विणून झाली आणि लोकर संपली. रविवारी नात तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती आणि ऑपरेटरबाईंच्या मांडीवर पणतूचा स्वेटर एका हाताने थोटा पडला होता. कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळत. तीच राखाडी-निळी छटा सुनेने शेवटी एका वेबसाइटवर शोधून काढली. एकच गुंडा शिल्लक होता.

"नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख भरायची, आई."

"जन्मतारीख? लोकर घ्यायला?"

"वाढदिवसाला सवलत देतात."

"मला सवलत देणारे हे कोण लागून गेले? आणि हे खाली मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय?"

"तुमची माहिती आम्ही कुणालाही देत नाही, असं लिहिलंय. ते कुणी वाचत नाही हो. 'सहमत' दाबायचं."

"देत नाही म्हणतात. ऐकत नाही, असं कुठे म्हणतात?"

बाईंचा संशय उगाच नव्हता. बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. परगावचा तीन मिनिटांचा ट्रंक कॉल जोडला की ऑपरेटरने लाइनवरून बाजूला व्हायचं, असा नियम होता. नोकरीला लागताना त्यावर सहीच घेत. बाईंनीही वळणदार अक्षरात केली होती. तरीही कुणाचं लग्न मोडतंय, कोण कुणाला आजारपणाची थाप मारतंय, हे घरच्यांच्या आधी बाईंना कळे. बाहेर एक अक्षर गेलं नाही, ते खरं. पण ऐकलं होतं ना! असल्या सहीत किती दम असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी मोबाईल सुनेच्या हातून घेतला आणि एकेक अक्षर दाबत सगळं खोटं भरलं. नाव घातलं जुन्या सुपरवायझरबाईंचं. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचं आता कोण काय वाकडं करणार? फोन नंबर चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या लँडलाइनचा. घराचा नंबर समोरच्या घड्याळवाल्यांचा. पैसे मात्र सुनेच्या कार्डावरून गेले. तिची तिने माहिती सांभाळावी.

"आणि पार्सल समोर गेलं म्हणजे?"

"जाईल कशाने? मी दाराशीच आहे."

तीन दिवस बाई दारावरच्या भिंगाला डोळा लावून उभ्या राहिल्या. शनिवारी सकाळी त्या आंघोळीला गेल्या, तेवढ्यात सुनेच्या मोबाईलवर त्या वेबसाइटने दाखवलं, 'पार्सल पोचलं.'

घड्याळवाले आठ वर्षं समोर राहत होते, पण बाईंशी हो-नाहीपलीकडे बोलत नसत. बाई पूर्वी कुठे नोकरीला होत्या हे कळल्यापासून तर जिन्यातही घाईघाईने निघून जात. आज त्यांनी दार साखळीपुरतंच उघडलं.

"आमचं पार्सल तुमच्याकडे आलंय."

"नाव तुमचं नाही त्यावर."

"ती मीच."

"आठ वर्षं तुमच्या दारावरची पाटी वाचतोय मी."

"अहो, वेबसाइटला खोटं नाव सांगितलं होतं."

"मग मला खरं सांगताय कशावरून? ओळखपत्र आणा."

"त्यावर माझं खरं नाव आहे."

"म्हणजे पार्सल तुमचं नाही."

"आत राखाडी-निळी लोकर आहे. उघडून बघा."

"दुसऱ्याचं उघडत नाही मी. काहींना त्याचं काही वाटत नाही, ते सोडा." घड्याळवाल्यांनी आवाज खाली आणला. "बेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्या एक्सचेंजमधून मी एक ट्रंक कॉल केला होता. ऐकला होतात तुम्ही? खरं सांगा आणि पार्सल घेऊन जा."

बाईंना तो कॉल लख्ख आठवत होता. लग्नाचं विचारायला फोन करून एक तरुण अडीच मिनिटं नुसत्या बसच्या वेळा सांगत राहिला होता. आठ वर्षांपूर्वी समोरच्या नव्या बिऱ्हाडकरूने "पाणी किती वाजता येतं हो?" असं विचारलं आणि बाईंनी तो आवाज तिथल्या तिथे ओळखला होता. पण सही ती सही.

"छे! ऑपरेटर कधी ऐकत नसते."

साखळी निघाली. पार्सल बाईंच्या हातात आलं. घड्याळवाल्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"जीव भांड्यात पडला बघा. हिला विचारणारच होतो हो त्या दिवशी. शब्द अगदी ओठावर होता, आणि नेमकी लाइन कट झाली. अजून सांगतो हिला, त्या एक्सचेंजने घात केला."

बाईंचे कान तापले.

"कट? माझ्या बोर्डावरची लाइन कधी कट झालेली नाही! फोन तुम्ही ठेवलात. ती बिचारी अर्धा मिनिट 'हॅलो, हॅलो' करत होती!"

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. आत स्वयंपाकघरात झाकण खाली पडलं.

"काय म्हणाल्या त्या?" घड्याळवाल्यांची बायको हात पुसत बाहेर आली. "लाइन कट नव्हती झाली?"

"अगं, त्यांचं वय झालंय, त्यांना कुठलं आठवतंय..."

"बसच्या वेळा आठवतात का हो तुम्हाला, बाई?"

"सहा चाळीस आणि सव्वानऊ," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बरोब्बर! शेवटी माझ्या दादाला यांच्या घरी जाऊन विचारावं लागलं. आणि बेचाळीस वर्षं मी त्या एक्सचेंजला शिव्या घालतेय!" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, इकडे या तुम्ही. आत या."

दार लागलं. पार्सल छातीशी धरून बाई आपल्या दाराकडे वळल्या. पण पाय काही पुढे जाईनात. जुन्या सवयीने त्या बरोबर तीन मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या आणि मगच घरात शिरल्या.

"मिळालं?" सुनेने विचारलं. "फार चौकशा केल्या का त्यांनी?"

"केल्या की."

"मग? काय काय सांगितलंत?"

बाईंनी सुया हातात घेतल्या.

"माझ्याबद्दल एक अक्षरसुद्धा सांगितलं नाही," त्या म्हणाल्या आणि मान खाली घालून टाके मोजू लागल्या.