पंधरा ते एकोणतीस

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. झरा होता, पण त्याच्या तोंडावर धोंडा कोसळला होता. धोंडा हलवायला पन्नाशीचा हत्तीही होता, पण त्याला वरून हुकूम लागे.

अशात सिंहमहाराज डोंगरापलीकडच्या परिषदेतून शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं घेऊन आले. शाश्वत म्हणजे काय, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी दवंडी पिटवली, "तरुणांची पाहणी होईल. तरुण जिथे नापास, तिथे सरकार कामाला लागेल."

भुरक्या सशाच्या जिवात जीव आला. त्याच्या बायकोला नुकतीच चार पिल्लं झाली होती आणि पाण्यावाचून तिचं दूध आटलं होतं. पाण्यात आपण हमखास नापास होणार, या आनंदात तो पहाटेच रांगेत उभा राहिला.

पाहणीला साळिंदरराव बसले होते. लेखण्या घरच्याच, म्हणून काम त्यांना मिळालं होतं.

"वय?"

"तीन."

"मग तू बालक. तरुण म्हणजे पंधरा ते एकोणतीस."

"साहेब, मी चार पोरांचा बाप आहे."

"म्हणजे बालविवाह. त्याचा तक्ता वेगळा."

"अहो, आमच्यात पंधरा वर्षं जगतंय कोण? आजोबा आठव्या वर्षी म्हातारे होऊन गेले."

साळिंदररावांनी पान उलटलं. "म्हणजे तुमच्यात तरुणच नाहीत. मग तरुणांना अडचण कुठली?"

अख्ख्या जंगलात त्या वयात बसणारं एकच निघालं. अठ्ठावीस वर्षांचं कासव.

"कासवभाऊ, पाणी मिळतं?"

"मागच्या पावसाळ्यात प्यालो की. पुष्कळ झालं."

शंभरपैकी शंभर. जंगल पहिलं आलं. परिषदेकडून मानाची शिळा आली, चांगली हत्तीएवढी. ती दर्शनी जागी बसवायची होती, म्हणून हत्तीला अखेर हुकूम मिळाला. त्याने ती झऱ्यावरच्या धोंड्यावर नेऊन ठेवली.

कासवाचा सत्कार झाला. ते 'आजची तरुणाई' या विषयावर संध्याकाळपर्यंत सावकाश बोललं. तोवर भुरक्याची दोन पिल्लं गेली होती.

तो साळिंदररावांकडे गेला. "साहेब, उरलेल्या दोघांना पंधरा वर्षांचं करायचंय. काय लागेल?"

साळिंदरराव दमले होते. त्यामुळे त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"पाणी," ते म्हणाले.

तात्पर्य : तहान लागल्यावर विहीर खणू नये. आधी वय भरावे.