उत्कृष्ट शवासन

कारागृहाच्या फाटकातून सुई आत नेता येत नाही, हा नियम योग्यच आहे. सुई टोकदार असते, आणि आतल्या माणसांच्या हाती टोकदार वस्तू पडू नये याबद्दल कोणाचे दुमत असायचे कारण नाही. त्यामुळे राजाजीनगरची शिवानी आपल्या भावासाठी इन्सुलिन घेऊन शहराबाहेरच्या कारागृहावर गेली आणि फाटकावरूनच परत पाठवली गेली, यात बेकायदेशीर असे काहीच घडले नाही.

भावाचे नाव गिरीराज. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. मधुमेह लहानपणापासूनचा, रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय भागत नसे. खटला अजून उभा राहायचा होता, पण गिरीराज आत होता.

"आत कशासाठी आहे?" फाटकावरचा पहारेकरी नागराज याने विचारले.

शिवानीने सांगितले. नागराजच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"मग स्वल्प त्रास होणारच की, अक्का."

"अण्णा, इन्सुलिन मिळालं नाही तर तो जगायचा नाही."

नागराज मनाने वाईट नव्हता. त्याने आतल्या डॉक्टरसाहेबांना फोन लावून दिला. साहेबांनी सांगितले की सदर कैद्याची साखर वाढल्याची नोंद नाही, सबब औषधाचा प्रश्न उद्भवत नाही. नोंद नव्हती, कारण साखर तपासलेली नव्हती. तपासली नव्हती, कारण ती वाढल्याची नोंद नव्हती. शिवानी बाटली पर्समध्ये घालून बसने घरी आली आणि ती पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली.

मग तिने वकिलाला गाठले. न्यायालयाने गिरीराजला बाहेरच्या रुग्णालयात दाखवून आणण्याचा हुकूम दिला. आता फक्त सोबत पोलीस हवे होते, कारण कैदी आजारी असला तरी पळू शकतो असे कायदा धरून चालतो. आणि पोलीस नेमके मोकळे नव्हते. कारागृहात आरोग्य सप्ताह भरला होता, त्याला मोठे पाहुणे येणार होते, सगळे पोलीस त्या बंदोबस्ताला लागले होते. आजाऱ्याला रुग्णालयात न्यायचे तर आरोग्याचा बंदोबस्त उघडा पडला असता. शिवानीला हे समजावून सांगण्यात आले. "सरी, बरं," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिली.

सप्ताहाचा समारोप सामूहिक योगासनांनी झाला. कैद्यांना धुतलेले कपडे घालून मैदानात ओळीने बसवले होते. गिरीराजच्या ओठांना कोरड पडली होती, पण ओळ भरायला माणूस कमी पडत होता. शेवटचे आसन संपल्यावर बाकीचे उठले, गिरीराज उठला नाही. पाहुणे भारावून गेले. इतकी एकाग्रता आमच्या कॉलनीतल्या वर्गातसुद्धा दिसत नाही, असे ते भाषणात म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्कृष्ट शवासनाचे प्रशस्तिपत्र जाहीर केले. ते घ्यायला गिरीराज पुढे येईना, तेव्हा प्रकार लक्षात आला. इथे वाचकाला हसू आले तर येऊ द्यावे. शिवानीच्या डोळ्यांपुढून मात्र तो मैदानात कसा पडला असेल, हे हलत नव्हते.

तो गेला, आणि कारागृह खडबडून जागे झाले. रुग्णवाहिका आली. बंदोबस्तातून पोलीस मोकळे झाले, पुढे जीपसुद्धा दिली. जिवंतपणी एक डॉक्टर त्याच्याकडे फिरकला नव्हता, आता डॉक्टरांचे मंडळ नेमले गेले. त्यांनी त्याचा एकेक अवयव काळजीपूर्वक तपासला आणि शेजारी उभ्या माणसाने सगळ्याचे चित्रीकरण केले. साखरही तपासली. ती वाढलेली निघाली, आणि तशी नोंद झाली.

"सोयी सगळ्या आहेत, अक्का," कार्यालयातले कारकून शिवानीला समजुतीने म्हणाले. "फक्त तुम्ही लवकर आलात. या सोयी मृत्यूनंतरच्या नियमात बसतात."

प्रशस्तिपत्र घरपोच आले, प्लॅस्टिकच्या वेष्टणात. आईने, म्हणजे सगुणाबाईंनी, ते हातात धरून दोन्ही बाजूंनी बघितले.

"मला कुणाला फाशी द्यायची नाही ग, शिवानी," त्या म्हणाल्या. "कुणीतरी एकानं समोर येऊन म्हणावं, माझ्यामुळं झालं. तेवढं झालं की मी गप्प बसते बघ."

तेवढे मिळवायला शिवानी घराबाहेर पडली. आधी तिने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुशांतचे दार वाजवले. सुशांत पुण्याहून आलेला, संगणकाच्या कंपनीत मोठ्या जागेवर. अन्यायाविरुद्ध तो रोज लिहीत असे.

"शिवानीताई, हे टोटली अनअॅक्सेप्टेबल आहे," तो म्हणाला. "मी आजच पोस्ट टाकतो. फक्त एक, म्हणजे मला काही नाही, पण लोक विचारतील. तो आत कशासाठी होता?"

शिवानीने सांगितले. सुशांतने आवाज खाली आणला, चहा विचारला, आणि संध्याकाळी तुमकूर रस्त्यावरच्या खड्ड्यांवर पोस्ट टाकली. ती खूप गाजली.

पुढे कारागृहाने रुग्णालयाकडे बोट दाखवले, रुग्णालयाने पोलिसांकडे, आणि पोलिसांनी आरोग्य सप्ताहाकडे. सप्ताह तर संपला होता. प्रत्येक टेबलावर शिवानीला खुर्ची मिळण्याआधी तोच प्रश्न मिळाला, आणि प्रत्येक ठिकाणी तिने खरे उत्तर दिले. उत्तर ऐकून माणसे सैल होत, हे तिला हळूहळू कळू लागले होते.

शेवटी चौकशी अधिकाऱ्यांचे बोलावणे आले. साहेब सभ्य होते. त्यांनी पंखा वाढवायला सांगितला आणि निष्कर्ष वाचून दाखवला. मृताच्या आजाराची कल्पना डॉक्टरांना नव्हती, पोलिसांना नव्हती, कारागृहाला नव्हती, तशी कोणाकडेच नोंद नाही. आजाराची पूर्ण कल्पना असलेली आणि औषध प्रत्यक्ष ताब्यात असलेली एकच व्यक्ती आढळली. त्या व्यक्तीने औषध कैद्यापर्यंत न पोचवता घरी परत नेले.

"ते तुम्ही, अम्मा," साहेब दिलगिरीने म्हणाले. "निष्काळजीपणा तुमच्याकडून झालेला दिसतो. जबाब देणार?"

शिवानीच्या डोळ्यांपुढे आई आली. निदान एकाने म्हणावे, असे आई म्हणाली होती.

"देते, सर," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं असंच लिहा. मी औषध परत नेलं. पण का नेलं तेही लिहा. फाटकावर नागराज होते, त्यांना साक्षीला बोलवा. त्यांनी फोन लावून दिला, पलीकडनं डॉक्टरसाहेब बोलले. त्यांचं नाव मला कुणी सांगत नाही. माझ्याविरुद्धचे साक्षीदार म्हणून त्यांनाही बोलवा. आणि तो पडल्यावर ज्यांनी त्याला प्रशस्तिपत्र दिलं, ते पाहुणेसुद्धा. माझा गुन्हा नीट सिद्ध होऊ दे."

टंकलेखकाची बोटे थांबली. साहेबांनी पंखा कमी करायला सांगितला. मग त्यांना सुचले.

"ते बघू या. पण मूळ मुद्दा राहिलाच, अम्मा. तो आत कशासाठी होता?"

शिवानीने पहिल्यांदाच उत्तर दिले नाही.

"कुठल्या गुन्ह्याला किती इन्सुलिन, असा तक्ता असेल ना तुमच्याकडं?" तिने विचारले. "तो दाखवा, सर. मग सांगते."

असा तक्ता कार्यालयात उपलब्ध नव्हता. तो मिळेपर्यंत चौकशी तहकूब करण्यात आली. शिवानी घरी गेली आणि तिने आईला सांगितले की अजून कोणी म्हटलेले नाही.

आता वाचकांची एक तक्रार उरली असणार. एवढी कथा वाचली, पण गिरीराज आत कशासाठी होता हे कुठेच सांगितलेले नाही. ते कळले असते तर त्याच्याबद्दल किती वाईट वाटून घ्यायचे हे ठरवणे सोपे गेले असते. तक्रार रास्त आहे. फाटकावर नागराजनेही आधी तेच विचारले होते, आणि तेव्हा गिरीराज जिवंत होता.